तीनशे शेंगा आणि दोन टोपल्या

मागच्या महिन्यातल्या उधाणाने पुंता ब्रावा गावातली तीन घरं नेली, आणि आता समुद्राच्या तोंडाशी पहिलं घर एउलोहियाचं होतं. लाटा अडवायला दारापुढच्या चिखलात कांदळ लावायचं तर भांगाच्या, कमी भरतीच्या याच शांत आठवड्यात, म्हणजे पुढच्या उधाणाआधी रोपं मूळ धरतील. पण लावण्याजोग्या हातभर लांबीच्या शेंगा मिळायच्या त्या खाडीच्या मुखापलीकडच्या बेटावर. म्हणून भरलेल्या पाण्यावर होडी घालून ती सकाळीच निघाली. सोबत नणंद नुबिया होती.

बेटावर कांदळाची मुळं डोक्याच्याही वर कमानी करून उभी होती. लाल खेकडे त्यांवरून सरसर पळत होते, आणि शेंडे पांढऱ्या पाणपक्ष्यांनी वाकले होते. पाणी ओसरू लागेतो दोघींनी तीनशे शेंगा होडीत रचल्या. निघायची हीच वेळ होती. पण तेवढ्यात एउलोहियाला मुळांच्या बेचक्यात ओळखीचं भोक दिसलं. पियांग्वा! तीस वर्षं या शिंपल्या उकरून पोट भरलेला हात आपोआप आत गेला.

"वहिनी, आपण शेंगांना आलोय. हातमोजेसुद्धा नाहीत."

"एवढी एकच काढते गं."

त्या एकीच्या दोन टोपल्या झाल्या, आणि मग चिखलात दडलेल्या काटेरी माशाने तिच्या अंगठ्यात काटा खुपसला! खांद्यापर्यंत आग पेटली.

"आता भावाला काय सांगू? बायको शिंपल्यांपायी गेली म्हणून?" चिलटांसाठी पेटवलेल्या नारळाच्या सोडणांवर फुंकर घालत नुबियाने तो हात निखाऱ्यांवर धरला. "शेकू दे. विष उतरतं."

पण हात काळानिळा पडत चालला. भरतीची वाट बघत बसणं शक्य नव्हतं. मुखाशी पाणी इतकं उतरलं होतं, की वाळूच्या दांड्यावर लाटा फुटत होत्या. नुबिया एकटीच वल्हं मारत होती. पहिली लाट आत आली! दुसरी! होडी अर्धी भरली.

"वजन टाक, वहिनी!"

एउलोहियाने डाव्या हाताने शेंगांची मोळी उचलली आणि भिरकावली.

"अगं, घर फेकतेयस समुद्रात! शिंपल्या टाक!"

हाताशी आलेली मोठी शिंपली तिने आजवर परत पाण्यात टाकली नव्हती. पहिली टोपली तिने डोळे मिटून उलटली. दुसरीवर मात्र हात अडला. ती अक्षरशः रडली. मग तीही उलटली. होडी वर आली, आणि तिसरी लाट खालून निघून गेली!

दुसऱ्या दिवशी ओहोटीला, सुजलेला हात गळ्यात बांधून, तिने दारापुढे अडीचशे शेंगा रोवल्या.

"वाकड्या लागतायत, वहिनी."

"डाव्या हाताने लाव आणि मग बोल."

मग ती घरात गेली, आणि गाव सोडायला म्हणून महिनाभर बांधून ठेवलेली गाठोडी तिने एका हाताने आणि दातांनी सोडवली.