वहिनींच्या घरचं व्होल्टेज

ही गोष्ट माझी नाही. ज्याच्यावर गुदरली तो वायरमन माझ्या शेजारच्या गाळ्यात इस्त्र्या अन् मिक्सर दुरुस्त करायचा. खोटं बोलला की त्याचे कान लाल व्हायचे, म्हणून पत्त्यांत कायम हरायचा. ही गोष्ट त्यानं मला सांगितली तेव्हा मी त्याच्या कानांकडेच बघत होतो. पांढरेफटक होते.

तर, डिसेंबरची नऊ तारीख, मंगळवार. जेवून हात धुतोय तोच वहिनींचा फोन आला. वहिनी म्हणजे त्याच्या गेलेल्या जोडीदाराची बायको.

"भाऊजी, दिवे पुन्हा वरखाली होतायत. टीव्ही गेला, मिक्सर गेला. आता फ्रिज कण्हतोय."

"येतो. रात्रीच बघायला हवं. शेजारपाजारचा लोड उतरला की व्होल्टेज कसं नाचतं ते कळेल."

साडेअकराला तो तिथे पोचला. पोरगी आत झोपली होती. वहिनींनी पाण्याचा तांब्या ठेवला आणि म्हणाल्या, "हे असते तर तुम्हाला त्रास दिला नसता."

"ते असते तर मला स्टुलावर चढावंही लागलं नसतं."

वहिनी थोडं हसल्या. जोडीदार इतका उंच होता की सगळे त्याला 'शिडी' म्हणायचे. शिडी, हा वायरमन आणि उस्ताद, असे तिघं तेव्हा विजेच्या लाइनच्या ठेकेदाराकडे कामाला. उस्तादनं या दोघांना हाताला धरून काम शिकवलं होतं. वायरमनला बाप नव्हता. तो उस्तादलाच बाप मानायचा.

चौदा महिन्यांपूर्वी शिडी खांबावर चढला आणि लाइन जिवंत होती. चूक त्याचीच ठरली. इशारा न बघता चढला, असं उस्तादनं लिहून दिलं. खाली साक्षीदार म्हणून सही या वायरमनची. त्यामुळे नवऱ्याच्या जागी वहिनींना नोकरी मिळाली नाही. अन् गावभर झालं की, हलगर्जी माणूस होता, स्वतःच्या करणीनं मेला.

वायरमननं मीटर लावला. एकशे सत्तर. मग दोनशे ऐंशी. पुन्हा एकशे सत्तर.

काय म्हणालास? न्यूट्रलची तार सैल असेल? अरे शहाण्या, त्यालाही तेच वाटलं. त्यानं सगळे स्क्रू आवळले. शेजाऱ्यांना उठवून त्यांच्या घरी मीटर लावला. तिथे दोनशे तीस, जागचं हलत नाही. एकाच खांबावरून दोन्ही घरांना वायर गेलेली.

परत आला तेव्हा बारा वाजून वीस मिनिटं झाली होती.

"वहिनी, मेन बंद करतो."

त्यानं मेन स्विच खाली ओढला. फ्रिजची घरघर थांबली. आतल्या खोलीतला दिवा गेला.

बाहेरच्या खोलीतला बल्ब... चालू होता.

वहिनी दाराला धरून उभ्या.

बल्ब मंद झाला. उजळला. पुन्हा मंद झाला. उजळला. मग बराच वेळ स्थिर.

पुन्हा तसंच. दोनदा. आणि स्थिर.

वायरमनच्या हातातला टेस्टर खाली पडला. कारण ही भाषा त्याला येत होती. रात्रीच्या कामाला एक जण लांब स्विचपाशी जायचा, दुसरा खांबाखाली थांबायचा. ओरडलेलं ऐकू येत नसे, म्हणून बॅटरीचे इशारे ठरलेले. तीनदा दाखवली तर थांब, लाइन जिवंत आहे. दोनदा दाखवली तर बंद केली, चढ.

उस्ताद म्हणाला होता, मी तीनदा दाखवली. "तू बघितलंस ना रे?" असं पाठीवर हात ठेवून विचारलं होतं. हा तेव्हा पुढच्या खांबाशी, पाठमोरा, तार ओढत होता. तरी म्हणाला, हो. बाप का खोटं बोलेल?

बल्ब मंद झाला. दोनदा.

त्यानं उस्तादला फोन लावला. स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला.

"उस्ताद, त्या रात्री शिडीला बॅटरी किती वेळा दाखवली?"

"ही काय वेळ झाली? पिऊन बसलायस का?"

"किती वेळा?"

"तीन. तूच सही केलीस ना?"

"मी पाठमोरा होतो. तुम्हाला माहीत होतं."

पलीकडून नुसता श्वास.

"सगळीकडे अंधार होता रे," उस्ताद हळू आवाजात म्हणाला. "मला वाटलं, लाइन गेलेलीच आहे. गुडघा दुखत होता. म्हटलं, कशाला स्विचपर्यंत जायचं... दोनदा दाखवली. आणि लाइन आली परत."

"आणि मला सही करायला लावलीत."

"तुझ्यावर कुणी संशय घेतला नसता. म्हणून तुला... थांब. माझ्या खोलीतला दिवा कुणी लावला?"

"उस्ताद?"

"विझवतोय तरी... अरे, हा..."

पुढे काही नाही. फोन चालू होता. श्वाससुद्धा नाही.

वहिनींच्या घरचा बल्ब विझला. अंधारात त्यांचा आवाज आला. रडका नव्हता.

"भाऊजी, चौदा महिने तुम्ही माझ्या घरी जेवताय."



उजाडताच तो उस्तादकडे गेला. उस्ताद खाटेवर बसलेला, डोळे उघडे. जिवंत होता. वायरमननं त्याला हाताला धरून ठेकेदाराच्या कचेरीत नेलं. दोघांनी खरं काय ते लिहून दिलं. वहिनींना नोकरी लागली. पण वायरमनला त्या घराचं दार पुन्हा उघडलं नाही, आणि उस्ताद त्या फोनच्या रात्रीबद्दल मरेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

आता एवढंच राहिलं. उस्तादच्या गल्लीत खांब बदलायचं काम होतं. फोनच्या त्या रात्री नऊपासून सकाळी सातपर्यंत पूर्ण गल्लीची लाइन तोडलेली होती.

वायरमननं उस्तादच्या खोलीतला बल्ब काढून आणला होता. मला दाखवला. फिलामेंट जळालेली. काचेवर काजळीचा एक अंगठा उमटलेला, रेघान् रेघ स्पष्ट. मी रुमालानं पुसून बघितला. निघाला नाही.

तो काचेच्या आतल्या बाजूनं होता.