जळक्या चर्चमधली वीस मिनिटं

शपथ घ्यायला लावू नका, मी देवाला मानत नाही. पण हे घडलंय. माझ्या या कानांनी ऐकलंय.

१२ डिसेंबर १९९६. नॉर्वेतलं आमचं क्वेर्नेदाल गाव. दुपारचे सव्वातीन, म्हणजे आमच्याकडे मिट्ट काळोख.

मी रेकॉर्डिंगचं काम करतो. तेव्हा ‘आस्केहेर’ नावाच्या ब्लॅक मेटल, म्हणजे सैतानाच्या नावाने किंचाळणाऱ्या बँडचं काम घेतलं होतं. आस्केहेर म्हणजे राखेची फौज.

फौज कसली डोंबलाची! माणसं दोन. तोंडाला मढ्यासारखा पांढरा रंग फासलेली.

म्होरक्या स्टोले. शुद्ध रक्ताच्या गप्पा मारायचा, परक्यांना हाकला म्हणून पत्रकं वाटायचा, आणि अठ्ठाविसाव्या वर्षी आईच्या तळघरात राहायचा. चड्ड्यासुद्धा आईच धुवायची.

दुसरा, ड्रम वाजवणारा, माझा धाकटा भाऊ सिंद्रे.

दोन वर्षांपूर्वी गावचं लाकडी चर्च जळलं. आत घंटा वाजवणारे म्हातारे तोर्लाइफ होते. ते गेले.

स्टोलेवर खटला झाला. सिंद्रेने कोर्टात सांगितलं, "आम्ही दोघं तळघरात सराव करत होतो." स्टोले सुटला. पुढे त्यांचे कार्यक्रम रद्द झाले, दुकानांनी कॅसेटी ठेवायचं बंद केलं... आणि त्यामुळेच या नालायकाचं नाव युरोपभर झालं.

सिंद्रे खोटं बोलला हे मला ठाऊक होतं. त्याच्याकडून खरं वदवून घ्यायचं आणि त्याला तिथून बाहेर ओढायचं, एवढ्यासाठीच मी ते काम घेतलं.

या लोकांत आवाज जितका घाणेरडा तितका अस्सल. खरखर काढायची नाही, काही पुसायचं नाही. त्यात स्टोलेला नवी शक्कल सुचली. जळक्या चर्चमधली शांतता टेप करायची आणि गाण्यांखाली लावायची.

"स्वतःच्या पराक्रमाची जाहिरात का रे?" मी विचारलं.

"कोर्टाने सोडलंय मला," तो दात काढत म्हणाला.

मी एकटाच जाऊन वीस मिनिटं टेप करून आणली. बर्फ आणि चार काळे खांब. ना वारा, ना पाखरू.

स्टोलेच्या तळघरात आम्ही तिघं बसलो आणि टेप लावली. स्टोलेची आई गरम वाफल घेऊन आली. "तोंड धुऊन खा रे, परवा सगळा रंग उशीला लागला."

"आई, वर जा तू!"

ती गेली. आणि मग...

टेपवर कोणीतरी खोकलं.

"तू खोकलास?" स्टोलेने मला विचारलं.

"नाही."

पुन्हा खोकला. घशात धूर गेल्यासारखा.

मग ठक... ठक... ठक...

लाकडावर. आतून.

"वा! हेच पाहिजे होतं!" स्टोले टाळ्या पिटायला लागला. याला माणूस म्हणायचं?

मग आवाज आला. दमलेला... ओळखीचा.

"सिंद्रे... बाळा, दार उघड."

टाळ्या थांबल्या.

सिंद्रे भिंतीला टेकून खाली बसला. "आवाजावरून ओळखलं त्यांनी मला. नाव घेऊन हाका मारत होते. दादा, आग स्टोलेने लावली. पण दार... दार मी धरून ठेवलं होतं."

माझा भाऊ फक्त खोटं बोललाय, असं मी समजत होतो.

"गप्प बस, मूर्खा!" स्टोले किंचाळला. तोंडावरचा रंग घामाने ओघळत होता.

मी तशीच टेप उचलली आणि सिंद्रेला घेऊन पोलिसांकडे गेलो. त्यांनी ती तीनदा ऐकली.

वीस मिनिटं... नुसती खरखर.

पण सिंद्रे कबुलीवरून हटला नाही. खटला पुन्हा उभा राहिला, दोघंही आत गेले. स्टोलेला तिथे चाहत्यांची पत्रं येतात. मुलाखती देतो, हुतात्मा म्हणवतो स्वतःला. थू!

सिंद्रेला मी दर महिन्याला भेटतो. तो झोपत नाही. म्हणतो, कोणीतरी दार ठोठावतं.

"बाहेरून?" मी विचारलं होतं.

"नाही रे... आतून. ते माझ्या कोठडीतच असतात, दादा. खोकत असतात."

मागच्या खेपेला त्याने माझा हात सोडलाच नाही.

"त्यांना सांग ना, दादा... मला उघडायचंय आता. पण या दाराला आतून कडीच नाही."

मी मान डोलावली. काय सांगू, आणि कुणाला?