जोतीरामचा पुढचा क्रमांक

विद्यापीठाच्या वनस्पती संग्रहात वच्छलाचं काम एकच, गवतं चिकटवणं. बार्शी रस्त्याला विद्यापीठाचं माळरान केंद्र आहे, तारेच्या कुंपणातलं, तीस वर्षं शेळी-मेंढी न शिरलेलं. तिथली गवतं रद्दीत दाबून, वाळवून दर शनिवारी जीपनं सोलापुरात यायची. वच्छला ती जाड कागदावर बारीक पट्ट्यांनी बसवायची आणि खाली लेबल लावायची. अठरा वर्षं झाली. पवन्या, कुसळी, मारवेल, शेडा. नातेवाइकांपेक्षा गवतांची तोंडं तिला जास्त ओळखू यायची, आणि गवतं लग्नाची आमंत्रणं पाठवत नाहीत हा वरचा फायदा.

गवतं गोळा करायचा जोतीराम, तिचा नवरा. या कामात एक रीत असते. गोळा करणाऱ्याचा स्वतःचा क्रमांक असतो. पहिल्या काडीला एक, दुसरीला दोन, असा जन्मभर चालायचा. मधला गाळायचा नाही, दुसऱ्याला द्यायचा नाही. माणूस गेला की रजिस्टरात त्याच्या शेवटच्या आकड्याखाली तांबडी रेघ ओढायची.

जोतीराम मे महिन्यात गेला. पारा चव्वेचाळीसवर, आणि हा भर दुपारी सात नंबरच्या चौकटीत, गवत मोजायला आखलेल्या तुकड्यात, वाकलेला. केंद्राचा राखणदार तात्याबा, त्याला तो पालथा सापडला. शेवटचा क्रमांक ४११२.

रेघ वच्छलानंच ओढायची होती. ती रडली नव्हती. लोक म्हणाले, धीराची बाई. धीर कसला? दातवाल्यानं सुई टोचल्यावर गाल होतो ना, तशी ती अख्खीच झाली होती. तेरावं उरकून ती केंद्रावर गेली. तो पडला होता तिथली कुसळीची एक काडी तिनं खुडली, दाबली, चिकटवली, आणि लेबलावर त्याच्यासारखं तिरकं अक्षर काढून लिहिलं, ४११३. गोळा करणारा : जोतीराम. रजिस्टरातही चढवलं. खोटं होतं. पण रेघ टळली.

जुलैच्या पहिल्या शनिवारी गठ्ठा आला. तिनं रद्दी उलगडली. आत पवन्या, नीट पसरलेला. कडेला पेन्सिलीनं ४११४, खाली दोन रेघा ओढलेल्या. जोतीराम तशाच ओढायचा.

जुना राहिलेला असेल, ती म्हणाली. मग तिनं रद्दीची तारीख पाहिली. गेल्या मंगळवारचा पेपर होता.

तिनं केंद्रावर फोन लावला.

"तात्याबा, गवत कोण काढतंय तिथं?"

"कोन काढनार वैनी? नवा मानूस अजून दिला न्हाय की तुमच्या हापिसानं."

"मग गठ्ठा कोण बांधतं?"

"बांदलेलाच असतोय. त्येंच्या गवताच्या पेटीवर. मी जीपमदी ठिवतो." मग आवाज खाली घेऊन, "दुपारची मेंढरं कुंपनाला टेकून हुबी ऱ्हात्यात. समदी आत बगत्यात. मी न्हाय बगत. तुमी बी नका इचारू."

वच्छलानं ४११४ चिकटवला. काम होतं ते.

पुढच्या शनिवारी ४११५ आला, कडेला ठिकाणही लिहिलेलं : केंद्राच्या फाटकाजवळ. ४११६, भोगावच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला. तिनं नकाशा काढला नाही, गरजच नव्हती. ४११७ पुणे नाक्याच्या पुलाखालचा होता, धुरानं काळवंडलेला मारवेल. तिथून तिचं घर चालत दहा मिनिटं.

त्या संध्याकाळी तिनं चार भाकरी थापल्या. एकट्या बाईला दोन पुरतात. दुसऱ्या दिवशी शेजारणीच्या कुत्र्याची चैन झाली.

संग्रहाच्या प्रमुख वैष्णवी मॅडम, वयानं तिच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. त्यांनी सगळे कागद संगणकावर चढवायला घेतले होते. सोमवारी त्या रजिस्टर घेऊन टेबलाशी आल्या.

"वच्छलाताई, रागावू नका. हे तुम्ही लिहिता का?"

"एक लिहिलं, मॅडम."

"एक? मेनंतरचे पाच आहेत इथं."

"एकच माझं."

मॅडमनी अक्षराकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि तो मऊपणा वच्छलाला कुठं लागलाच नाही. "चार दिवस रजा घ्या हवं तर. पण शुक्रवारी यादी बंद होते. तोवर रेघ ओढा. तुमच्याच हातानं झालेली बरी."

बुधवारी जीप यायचा दिवस नव्हता. तरी टेबलावर रद्दीची घडी होती. वरती कालचा पेपर. ४११८, तिच्या वसाहतीच्या नळाजवळची हरळी. शुक्रवारी सकाळी दुसरी घडी, ४११९. उंबऱ्याच्या फटीतलं आघाड्याचं रोप, एवढंसं. लेबलावर तिच्याच घराचा नंबर.

आघाडा तिनं ओळखला. सकाळी झाडताना तिथं रिकामी फट दिसली होती.

तिनं रजिस्टर उघडलं. पट्टी ४११९ च्या खाली धरली, तांबड्या पेनाचं टोपण काढलं. एक रेघ, आणि तो उंबऱ्यापाशीच थांबला असता. कायमचा. बाहेरच्या बाजूला.

ती बराच वेळ पट्टी धरून बसली. मेपासून पहिल्यांदाच छातीत काहीतरी हललं. मुंग्या आल्यासारखं. पाय बधिर झाला की जाग येताना येतात तशा.

तिनं टोपण लावलं. मॅडमना सांगितलं, ओढली. त्या दिवशी घरी गेल्यावर दाराची कडी तिनं सरकवली नाही. भाकऱ्या चारच केल्या, आणि आतल्या खोलीत नेहमीच्या खिडकीकडच्या बाजूला आडवी झाली.

सकाळी पाहिलं, भाकऱ्या तशाच होत्या. दार लोटलेलं होतं, जसं ठेवलं तसं.

म्हणजे नाही आला, ती म्हणाली, आणि वेणी घालून कामावर गेली.

शनिवारच्या गठ्ठ्यात एकच घडी होती. पेपर आजचा.

तिनं उलगडली. पहिल्यांदा वाटलं आत काहीच नाही. मग कागद खिडकीकडे धरला.

एक केस. लांब, टोकाला मेंदीचा, वरती पांढरा. कापलेला. छान वळण देऊन पसरलेला, तीन जागी पट्ट्यांनी बसवलेला. तिच्यापेक्षाही नेटकं काम.

लेबल पूर्ण भरलेलं होतं. शाई अजून ओलसर.

क्रमांक : ४१२०.

ठिकाण : आतली खोली, खिडकीकडची बाजू.

उंची : पाच फूट एक इंच. फुलोरा : नाही.

संख्या : एकच.

शेरा : आज तुकडा घेतला. मुळासकट न्यायची आहे.