सारोळ्याच्या अलीकडं

उभी गाडी लवकर मरते. पळवा, दगडधोंड्यातनं न्या, पण उभी करून तिच्यावर कापड टाकू नका. हे मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवतो की माझी बायको झुबेदा म्हणते, एकदा दारावर पाटीच लिहून टाका, घसा तरी वाचेल.

माझं गॅरेज भोरहून उत्रोलीकडं जाताना रस्त्याला लागूनच आहे. दिवाळी नुकतीच झाली होती. समोरच्या खाचरांत भात कापून आडवा पडला होता आणि पेंढ्याचा वास थेट आत येत होता. मी एका कारच्या ब्रेकशी भांडत होतो, तेवढ्यात काळा धूर ओकत एक पांढरी व्हॅन दारात येऊन थांबली. तोंडात शिवी आली होती. बंपरचा पोचा दिसला आणि ती तशीच गिळली.

कुमारची व्हॅन होती.

कुमार पालीचा. राजगडावर येणाऱ्या ट्रेकरची ने-आण करायचा. पालीहून माझ्यापर्यंत वाटेत ढीगभर गॅरेजं लागतात, पण हा बहाद्दर वळसा घालून माझ्याकडंच यायचा. "अमजदभाई, तुमच्या शिव्या खाल्ल्याबिगर गाडी सुदरत न्हाई," म्हणायचा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. ह्याच व्हॅनमध्ये गेला. तेव्हापासून व्हॅन त्यांच्या अंगणात कापडाखाली होती.

चालवत आणली होती त्याच्या बायकोनं, सोनियानं. मागच्या वर्षी ती गाडी शिकली एवढं कानावर होतं. मधल्या सीटवर कुमारची आई, धोंडाबाई, बसली होती.

"भाऊ, पीयूसी होईना," सोनिया खाली उतरून म्हणाली. "शाळेची पोरं न्यायची ठरलीत, पण पीयूसी न्हाई तर शाळा गाडी घेईना. मला घरात बसून चालायचं न्हाई आता. काय बी करा, आज गाडी पास झाली पायजे."

"मावशी, उतरा की. झुबेदा चहा टाकतीय."

"म्या हितंच बरी," धोंडाबाई म्हणाल्या. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मग एकदम पुढं वाकून म्हणाल्या, "अमजद, धुराचं बघ. पर त्या दिव्याला हात लावू नको हां, बाबा."

दिवा म्हणजे चेक इंजिनचा, मीटरमधला पिवळा. सोनियानं कपाळावर हात मारला. "ह्यांचं घरून निघताना बी हेच चाललंय. दिवा ऱ्हाऊ दे, दिवा ऱ्हाऊ दे. का, ते सांगत न्हाईत."

म्हातारी माणसं, एखाद्या गोष्टीत जीव अडकतो. मी मनावर घेतलं नाही. स्कॅनर लावला. इंजिन चालू असताना ऑक्सिजन सेन्सरची रेघ तळाला चिकटलेली. इंजिनातून निघालेल्या धुरात ऑक्सिजन किती उरला, ते हा सेन्सर मोजतो आणि गाडीच्या कॉम्प्युटरला कळवतो. तो बरा असला की स्क्रीनवरची रेघ भराभर वर-खाली नाचते. तो मेला की कॉम्प्युटर आंधळा होतो, नुसतं पेट्रोल ओतत सुटतो, आणि मग असा काळा धूर. चार वर्षं उभी राहिलेली गाडी, दुसरं काय होणार?

"सेन्सर गेलाय, वहिनी. बदलतो. धूर बी जाईल आन् दिवा बी."

मागून धोंडाबाई काहीतरी पुटपुटल्या.

इंजिन बंद केलं. चावी तेवढी ऑन ठेवली, कारण बिघाडाचा कोड वाचायचा होता. इंजिन बंद म्हणजे धूर नाही, धूर नाही तर मोजायचं काय? रेघ सरळ पडायला हवी होती.

ती हलायला लागली.

भराभर नाही. सावकाश वर चढली, वर अडखळली, खाली आली. पुन्हा चढली. मीटरमधला पिवळा दिवाही तिच्यासोबत पेटत होता, विझत होता. मी म्हटलं, कुठंतरी उंदरानं वायर कुरतडलीय, अर्थिंग ढिलं आहे. वायर चाचपल्या. धड होत्या. मग स्कॅनरला दोन शिव्या दिल्या आणि बाजारपेठेतल्या गॅरेजवाल्या खालिदचा मागवला. नाचता येईना अंगण वाकडं! खालिदच्या स्कॅनरवरही रेघ तशीच चढत होती, अडखळत होती, उतरत होती.

"आता थांबंल," धोंडाबाई म्हणाल्या.

स्कॅनर माझ्या हातात, मी बॉनेटपाशी. त्या मागं सीटवर, नजर मीटरवर. रेघ थांबली. मधेच, अर्ध्या चढावर.

"आता मोठा घील."

रेघ एकदम टोकापर्यंत गेली. भर दुपारी माझ्या अंगावर काटा आला. तरी मी खवळूनच बोललो, कारण मी घाबरलो की खवळतो. "मावशी, काय चाललंय हे?"

मी चावी काढली.

मग जे येतं ते केलं. सेन्सर मॅनिफोल्डवर, धुराच्या अगदी तोंडाशी बसतो आणि उष्णतेनं जखडून जातो. त्यावर गंज सुटायचं तेल मारलं, मुरू दिलं, खाचेचा पाना लावला आणि सगळं वजन टाकलं. कर्र करून सुटला. आटे साफ केले. नव्याच्या टोकाला बोट लागू न देता आट्यांना पेस्ट लावली, बेतानं आवळला, सॉकेट जोडलं. हात कामात असले की डोकं ठिकाणावर राहतं.

बदललेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, ही माझ्या गॅरेजची पहिल्यापासूनची रीत. नंतर कुणी म्हणायला नको की जुनाच पुसून बसवला. हात सवयीनं चालतात. काजळीनं काळा झालेला तो सेन्सर मी पेपरात गुंडाळला आणि मधल्या सीटवर धोंडाबाईंच्या हातात ठेवला.

त्यांनी कागद उलगडला. सेन्सर कानाजवळ नेला. बराच वेळ तसाच धरला, मग परत माझ्या हातात दिला.

"ह्यात न्हाई त्यो," म्हणाल्या.

त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं सांगू? हायसं वाटलं होतं त्यांना. तेच बघवत नव्हतं.

मी चावी ऑन केली. सेन्सर नवाकोरा होता, मीच डबीतून काढलेला. रेघ चढली, अडखळली, उतरली. दिवा पेटला, विझला.

"परत टोलनाक्यापासनं," धोंडाबाई म्हणाल्या.

आता सोनिया पुढं आली. तिनं दिव्याकडं बघितलं, सासूकडं बघितलं. "आत्या, कसला टोलनाका?"

धोंडाबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला. आणि मग सगळं बाहेर आलं. त्या दिवशी पुण्यात कुठंच बेड मिळेना, म्हणून कुमारला घेऊन साताऱ्याकडं निघाले होते. शेजारचा चिमाजी गाडी चालवत होता. मधल्या सीटवर ह्या, मांडीवर कुमारचं डोकं. टोलनाक्यावर ऑक्सिजनचा सिलेंडर संपला. सारोळ्याला नीरेच्या पुलाच्या अलीकडं कुमार गेला. हे सगळं आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते पुढचं. तेराव्यानंतर एका दुपारी धोंडाबाई गाडीवरच्या कापडाखाली शिरल्या, कुमार फिरवायचा तशी चावी फिरवली, आणि दिवा त्याच्या श्वासासारखा पेटायला लागला.

"त्याचा परत्येक श्वास म्या मांडीवर मोजलाय गं. म्या वळखणार न्हाई व्हय? दुपारी तू रानात गेलीस की जाऊन बसायची. दिवा बगत बसायची. सारोळं यायच्या आधी चावी काढायची. दुसऱ्या दिवशी परत टोलनाक्यापासनं, जित्ताच."

आमच्या घरात मयत झाली की आम्ही सब्र सब्र, धीर धरा, म्हणतो. त्या दिवशी तो शब्द माझ्या तोंडून फुटला नाही. अरे, कसला सब्र करायचा ह्या बाईनं?

सोनिया दाराला धरून उभी होती. "चार वर्सं," म्हणाली. "चार वर्सं तुमी एकट्याच त्याच्यापाशी बसताय. मला का न्हाई सांगितलं?"

"तू शेवटापत्तूर नेलं आसतंस."

"मला त्याचं तोंड बी बघू दिलं न्हाई, आत्या!" सोनिया ओरडली. रस्त्यावरचा टेम्पोवाला वळून बघायला लागला. "मला बी कोरोना हाय म्हणून गावच्या शाळेत क्वारंटाइन करून कोंडलंवतं. आन् त्याला परस्पर जाळला. मला नुसता फोन आला. तुमाला मांडी तरी मिळाली. मला काय मिळालं?"

दिवा पेटत होता, विझत होता. रेघ आता आधीइतकी वर जात नव्हती.

"कापूरहोळ मागं पडलं, आता सारोळंच," धोंडाबाई घाईनं म्हणाल्या. "अमजद, चावी काढ. काढ रं बाबा, पाया पडते तुज्या."

माझा हात चावीवर होता. दिव्यापासून इंजिनपर्यंतची एकेक वायर मला पाठ आहे. त्या घडीला मला काहीच येत नव्हतं.

"भाऊ, न्हाई," सोनिया म्हणाली. "ऱ्हाऊ द्या."

"सोने, नको गं!"

"आत्या, त्याला रोज परत टोलनाक्यावर नेताय तुमी. रोज त्याला धाप लावताय. माझ्या नवऱ्याला सोडा आता."

चावीकडं निघालेला धोंडाबाईंचा हात हवेतच राहिला. तो कुणी धरला नाही, तरी तो पुढं आला नाही.

सोनिया आत चढली. सासूच्या शेजारी बसली आणि तिच्या मांडीवर, रिकाम्या मांडीवर, हात ठेवला. कुणाच्या तरी केसांतून फिरवावा तसा तो हात फिरायला लागला.

"म्या आले," ती म्हणाली. "जरा उशीर झाला. पर आले."

रेघ बारीक झाली.

थांबली.

पुन्हा एकदा थोडीशी उचलली.

"सारोळं," धोंडाबाई म्हणाल्या.

रेघ सरळ झाली. दिवा विझला.

मी कोड पुसला नव्हता. तो आपोआप गेला होता.

धोंडाबाईंनी जो टाहो फोडला, तो ऐकून झुबेदा घरातून अनवाणी पळत आली. तिनं दोघींना आत नेलं, पाणी पाजलं, बळंबळं दोन घास खायला लावले. मी मात्र गाडीपाशीच राहिलो. इंजिन चालू करून बघितलं. रेघ भराभर नाचत होती, कुठल्याही गाडीत नाचते तशी. धूर नव्हता. गाडी बरी झाली होती आणि मी पोरासारखा रडत होतो. कुमार माझा कोण होता? कोणी नाही. शिव्या खायला वळसा घालून यायचा, एवढंच.

इंजिन बंद केलं. सायलेन्सरमध्ये साचलेली काजळी जावी म्हणून कॉम्प्रेसरची हवा मारून तो पार मोकळा केला. बायका जेवून बाहेर येईपर्यंत तो हात लावण्याइतका गार झाला होता. गोरखची पीयूसीची गाडी रस्त्याच्या पलीकडंच उभी असते, त्याला हाक मारली.

धोंडाबाई ह्या वेळी पुढं, सोनियाच्या शेजारी बसल्या. डोळे सुजले होते, पण आवाज शांत होता.

"सुटला गं माझा बाळ," त्या सोनियाला म्हणाल्या. "लई धरून ठिवला म्या त्याला. गेला आता."

सोनियानं त्यांचा हात हातात घेतला. मी मागं सायलेन्सरपाशी गोरखजवळ होतो.

गोरखनं मशिनची नळी सायलेन्सरमध्ये सरकवली. "वैनी, थांबा, चालू करू नका. आधी मशिन बघू द्या," असं म्हणून स्क्रीनकडं वळला आणि तसाच थांबला. मोकळ्या हवेत ते मशिन ऑक्सिजन एकवीसच्या आसपास दाखवतं. ते सोळा दाखवत होतं.

"इंजिन बंद हाय ना, अमजदभाई?"

"बंद हाय."

त्यानं नळी बाहेर काढली. आकडा एकवीसकडं गेला. परत आत घातली. सोळा.

"मशिन येडं झालं का काय," गोरख म्हणाला. मशिन तपासायला तो नेहमी करतो तेच त्यानं केलं. नळी तोंडासमोर धरली आणि त्यात सावकाश श्वास सोडला.

ऑक्सिजन सोळा. बाकीचे आकडेही सायलेन्सरमध्ये आले होते तेच, जसेच्या तसे.

"मशिन ठीक हाय," तो म्हणाला.