वापरात असलेला आवाज

भावाचा स्टुडिओ म्हणजे दवाखान्याच्या वरची दीड खोली. भिंतींना करडा स्पंज, एक माइक, एक संगणक आणि कायम बंद असलेला पंखा, कारण त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येते. थोरल्यानं रेकॉर्डिंग करायचं, धाकटीनं जाहिराती वाचायच्या; दोघांचीही घरं त्यावरच चालायची.

आज मात्र ती वाचायला आली नव्हती. सकाळी रेडिओवर तिनं स्वतःलाच एका टूथपेस्टचं कौतुक करताना ऐकलं होतं. ती जाहिरात तिनं जन्मात वाचली नव्हती.

"हो, मशीनला शिकवला तुझा आवाज," भाऊ खाली मान घालून म्हणाला. "काहीही टाइप केलं की ते तुझ्यासारखं बोलतं. तुला सांगणारच होतो गं, चिऊ."

"कधी? माझं काम सगळं गेल्यावर?"

परक्यानं केलं असतं, तर चार शिव्या हासडून ती मोकळी झाली असती. इथं कुंपणानंच शेत खाल्लं होतं. रागापेक्षा रडूच जास्त येत होतं, मेलं.

"माझ्या आवाजाची ती फाइल पुसून टाक, दादा. आत्ता. माझ्यासमोर."

त्यानं डिलीट दाबलं. पडद्यावर उत्तर आलं: फाइल वापरात आहे, पुसता येत नाही.

"कुणाच्या वापरात?"

"राहिला असेल एखादा प्रोग्राम उघडा." त्यानं एकेक करून सगळे बंद केले. संगणक बंद करून पुन्हा चालू केला. शेवटी इंटरनेटची वायरसुद्धा उपटली. फाइल वापरातच.

"नाटकं करतोयस ना?"

"आईशप्पथ नाही!"

खोटं बोलताना तो कानाची पाळी ओढतो, हे तिला लहानपणापासून ठाऊक. आत्ता त्याचे दोन्ही हात कीबोर्डवर होते.

मग तिलाच दिसलं. फाइलच्या नावापुढचा आकडा वाढत होता. कुणी बोलत असलं की रेकॉर्डिंग वाढतं, तसा. माइक तर वायर गुंडाळून कपाटात ठेवलेला.

"शेवटचा भाग लाव."

त्यानं लावला. आधी एक श्वास. वाक्य सुरू करण्यापूर्वी ती घेते तसाच, अर्धवट. मग तिचा आवाज, पण इतका मऊ की तिच्या अंगावर काटा आला.

"जाऊ दे, दादा. मी तुला माफ केलं."

"तू टाइप केलंस हे!"

त्यानं नुसती नकारार्थी मान हलवली. त्याचे डोळे भरून आले होते.

"मी नाही माफ केलेलं," ती ओरडली. "कळतंय का? या जन्मात नाही करणार!"

लावलेला भाग केव्हाच संपला होता.

"रडू नकोस रे," स्पीकरमधून तिचाच आवाज म्हणाला. "आईला मी समजावते."

"खरंच?" भावानं विचारलं. पडद्याला.

"दादा, इकडे बघ! मी इथं आहे!" तिनं त्याचा खांदा गदागदा हलवला.

त्यानं न वळताच ओठांवर बोट ठेवलं. रेकॉर्डिंग चालू असताना मध्येच कुणी बाहेरचं आत आलं, की ठेवतो तसं.

"शू," तो हळूच म्हणाला. "चिऊ बोलतेय."