बंद खोलीतलं कण्हणं

कॅन्सरच्या पेशंटकडे घरी जायचं, त्यांचं दुखणं बघायचं, डॉक्टरांनी लिहिलेलं औषध द्यायचं, हे माझं काम. त्या दुपारी जालन्यात इचरजबाईंकडे गेले तीही त्याच कामाला. आजार हाडांत उतरलेला, आणि बाई हातात माळ घेऊन शांत पडलेल्या. भोवती नातेवाईक हात जोडून बसलेले.

"आमच्या बाईनं एकदा बी उफ् न्हाई केलं, सिस्टर," त्यांचा मुलगा श्रेणिक अभिमानानं म्हणाला. "सोसून सोसून मागलं कर्म खपवून राह्यली ती. मंग मॉर्फिन कशाला?"

असल्या कौतुकाचा मला राग येतो. माणूस ओरडत नाही म्हणजे त्याला दुखत नाही, असं थोडंच असतं? मी श्रेणिकला थांबवून बाकीच्यांना बाहेर काढलं, बाईंच्या पायावरचं पांघरूण सारलं.

"बाई, दुखतंय का?"

त्यांनी नाही म्हणून मान हलवली. चेहरा अगदी कोरा. कुशीवर वळवायला मी कमरेला हात लावला, आणि शेजारच्या खोलीत कुणीतरी कण्हलं.

पुरुषाचा आवाज. जड, दाबून धरलेला. मी हात काढला, आवाज थांबला. पुन्हा लावला... पुन्हा तेच. या वेळी माझं लक्ष बाईंच्या पायांकडे गेलं. बोटं आत वळून पांढरी पडली होती.

"तिकडं कोण आहे?"

"कोणी न्हाई." श्रेणिकचा आवाज एकदम खाली आला. "बाबूजींची खोली ती. ते गेले तवापासून बंदच असते..."

त्याचे वडील मूलचंदजी. त्यांनाही कॅन्सरच झाला होता, आणि त्यांनीही कधी उफ् केलं नव्हतं म्हणे.

मी दार उघडायला लावलं. आत छतापर्यंत त्यांच्या दुकानातल्या बियाण्याचे खोके, बियाण्याला लावलेल्या औषधाचा उग्र वास. माणूस उभा राहील एवढीही जागा नव्हती.

"हा आवाज रोज येतो?"

"बाईला हलवलं की येतो..." श्रेणिकचे डोळे भरून आले. "द्या औषध, सिस्टर. जल्दी द्या."

औषध लागू पडल्यावर मी बाईंना अलगद वळवलं. पलीकडे शांतता. बाईंची बोटं सैल झाली.

"आता त्यांना बरं वाटलं," त्या हळूच म्हणाल्या, आणि झोपल्या.

पुढे काही दिवसांनी त्या झोपेतच गेल्या. निदान शेवट तरी सुखाचा झाला, याचं मला समाधान वाटलं. उरलेलं औषध परत न्यायला मी गेले, तेव्हा श्रेणिक खाली वाकून कपाटाचा खालचा कप्पा उघडत होता.

शेजारच्या खोलीत कुणीतरी कण्हलं.

या वेळचा आवाज बाईमाणसाचा होता. इचरजबाईंचा.

श्रेणिक तसाच वाकून कप्पा ओढत राहिला.

"भैया," मी विचारलं, "तुम्हाला कुठं दुखतंय का?"

"मला? बिलकुल न्हाई," तो हसून म्हणाला.

मी खाली पाहिलं. फरशीवर त्याच्या अनवाणी पायांची बोटं आत वळलेली होती.