पाठमोरे पुतळे

"माझ्या पुतळ्यांची तोंडं कोणीतरी फिरवतं," उखर्डू आबा म्हणाले. "शोधा. नाहीतर उद्या बठ्ठा जाळी टाकसू, एकूण एक!"

जळगावात खासगी तपासाचं छोटं ऑफिस चालवणारी संघमित्रा सावरून बसली. तिचा मावसभाऊ आणि मदतनीस प्रशील हसू दाबत होता. आबांचे ओले डोळे दिसले आणि ते हसू विरलं.

दुपारी तिघं चोपड्यापुढच्या जंगलात पोचले. वादळात पडलेल्या झाडांतून आबांनी घडवलेले कमरेएवढे पुतळे पायवाटेलगत सपाट दगडांवर नुसते ठेवलेले होते. अस्वल, मोर, ढोलवाला वाटेकडे पाठ करून उभे होते.

"जुन्यांना हात लावत नाही, फक्त यंदाचे फिरवतो," आबा म्हणाले. "मी सरळ करून जातो. दोन-चार दिवसांत पुन्हा पाठमोरे! थट्टा चाललीय माझी."

संघमित्राने अस्वलावरून हात फिरवला. लाकूड नवंच होतं, पण भेग एकही नव्हती. वाटेच्या बाजूने ऊन नुसतं रणरणत होतं.

"ताई, ही नाही फिरवली," प्रशील म्हणाला. डोक्यावर पाटी घेतलेली बाई वाटेकडेच बघत होती. तीही यंदाचीच. तिच्या गालावर मात्र लांब भेग गेली होती. "नाक काय जबरदस्त आहे!"

आबा उगाचच खोकले.

विचारल्यावर वनरक्षक छगन वैतागला. "मला नको असते तर उचलायलाच लावले असते. फिरवत कशाला बसू?"

शेजारच्या केळीबागेचा मालक भाईदास पुतळे बघायला येणाऱ्या पर्यटकांवर चिडलेला होता. "कुंपण तुडवतात माझं! पण तोंडं फिरवून काय होणार? लोक पाठीसोबतपण फोटो काढतात."

आबांच्या अंगणात त्यांच्या बायको मंजुळाबाई ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, वाळवत होत्या. बोलता बोलता एकेक उलटत होत्या.

"सारखे का उलटता, अक्का?" संघमित्राने विचारलं.

"एकाच अंगानं ऊन खाल्लं की तडकतात."

प्रशील त्यांच्या चेहऱ्याकडे बघतच राहिला. त्यांनी पदर नाकावर ओढला.

"आबा, पुतळे जाळायची गरज नाही," संघमित्रा म्हणाली. "थट्टा करणारा नवे-जुने निवडत बसत नाही. ओलं लाकूड एकाच बाजूने वाळलं की फाटतं, म्हणून फक्त नवे फिरवले. हे इथे कोणाला सुचेल?"

प्रशीलने बिबड्यांकडे पाहिलं. "अक्का?"

"आणि पाटीवालीला हात लावला नाही, कारण तिच्यावर राग होता."

मंजुळाबाई उसळल्या. "मन्हं नाक इतलं मोठं शे का?"

आबा थक्क झाले. "मग मला सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. 'तुले लाकडातलं काय कळस' म्हणालात. मग नाही बोलले. फिरवत राहिले."

"अक्का पाठमोरे करायच्या, तुम्ही सरळ करायचात," संघमित्रा हसली. "दोन्ही अंगांना ऊन मिळालं. न बोलता दोघांनी मिळून वाळवलेत, आबा. जिला कोणीच फिरवलं नाही, तीच फाटली."

 आबांनी खाली बसून एक बिबडा उलटला. तो मोडला.

"नाक बारीक करतो तिचं," ते पुटपुटले.

"राहू द्या. तसंच आहे ते," मंजुळाबाईंनी पदर खाली घेतला. "आधी चला, तिला फिरवू. एकटीला जड जाते."